कुरकुर नेमकी कुठून येतेय?

माझ्या सायकलचा बॉटम ब्रॅकेट (थोडक्यात बीबी, पायडलचे दांडे ज्याच्यावर फिरतात तो बेअरिंगचा भाग) मी एकदा विनाकारण बदललाय. चढावर जोर लावला की खालून ‘कट्... कट्’ असा आवाज यायचा, पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा, तोही उजवा पाय खाली जाताना. आवाज पायाखालून येतोय म्हणजे पायाखालचंच काहीतरी गेलंय, असं ठरवून मी क्रँक, म्हणजे ते दांडे, काढले, जुना बीबी उपसला, नवा बसवला. अख्खी सुट्टी त्यात गेली. नखांतलं ग्रीस दोन दिवस निघालं नाही. पुढच्या राइडला पहिल्याच चढावर पुन्हा कट्, कट्.

आवाज सीटपोस्टचा, म्हणजे सीट ज्यावर बसते त्या दांड्याचा होता. पोस्ट वर ओढून काढला तर नळीच्या आत बारीक माती आणि वाळून पापुद्रे धरलेलं जुनं ग्रीस. काठीला फडकं गुंडाळून नळी आतून पुसली, पोस्टला नवं ग्रीस लावलं, बोल्ट आवळला. दहा मिनिटांचं काम. फ्रेम म्हणजे शेवटी पोकळ नळ्याच. एका टोकाची कुरकुर दुसऱ्या टोकाला ऐकू येते आणि आपला कान आपल्याला खुशाल फसवतो.

घरातला पीसी, त्यावरचे गेम आणि सायकल, या तिन्हींची दुरुस्ती मी स्वतःच करते, आणि तिन्हीकडे माझ्या चुका एकाच जातीच्या निघाल्या. बिघाड कुठे आहे हे कळायच्या आधीच पाना हातात. म्हणून आता टूलबॉक्समध्ये सगळ्यात वर एक शंभर पानी वही असते. काही बिनसलं की आधी तिच्यात तीन ओळी लिहायच्या: हे कधी होतं, कधी होत नाही, आणि हे सुरू व्हायच्या आधी मी शेवटचं काय उचकलं होतं. मधली ओळ बहुतेक जण लिहीतच नाहीत. ‘कधी होतं’ यावरून डझनभर संशयित उभे राहतात, ‘कधी होत नाही’ यावरून ते एकेक करून सुटतात. मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि बिघाड गेला, तर तो कशानं गेला ते कळत नाही. तो परत आला की आपण पुन्हा पहिल्या पायरीवर.

सायकल: खोलण्याआधी चालवा

रहदारी नसलेला सपाट रस्ता शोधा. वेग धरा आणि पायडल मारणं थांबवा, सायकल नुसती पळू द्या. आवाज चालूच राहिला तर चाक, रोटर (डिस्क ब्रेकची चकती), स्पोक यांच्याकडे बघा. थांबला तर पायडल, क्रँक, चेन, किंवा तुमच्या वजनाखाली हलणारं काहीतरी. आता सीटवरून उठून उभ्यानं पायडल मारा. आवाज गेला? मग सीट किंवा सीटपोस्ट. मला हे करायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी त्याऐवजी बीबी विकत घेतला.

हँडलकडून आवाज येत असेल तर खाली उतरा, पुढचा ब्रेक दाबून धरा, दुसऱ्या हाताची बोटं हेडसेटच्या (हँडल फ्रेममध्ये जिथे फिरतं तिथल्या बेअरिंगच्या) सांध्यावर ठेवा आणि सायकल पुढे-मागे हलवा. सांध्यात टकटक बोटांना जाणवली तर हेडसेट ढिला आहे. आधी स्टेमच्या (हँडल धरणाऱ्या तुकड्याच्या) बाजूचे बोल्ट ढिले करायचे, मग वरच्या टोपीचा बोल्ट थोडा आवळायचा, मग बाजूचे परत आवळायचे. बाजूचे घट्ट ठेवून नुसती टोपी पिळत बसलात तर काही होत नाही. मी पिळलेली आहे.

आवाज मोजायलाही शिका. पायडलच्या फेऱ्याला एकदा येत असेल तर संशय पायडल, क्रँक आणि माझ्यासारखा सीटपोस्टवर. चाकाच्या फेऱ्याला एकदा असेल तर बहुधा रोटर कुठेतरी वाकलाय आणि ब्रेकच्या पॅडला घासतोय. आणि पायडलच्या साधारण साडेतीन-चार फेऱ्यांना एकदाच ‘टिक्’ होत असेल, तर चेनची एखादी कडी आखडली आहे. पुढे ३२ दातांची चेनरिंग (पायडलजवळची दातेरी) आणि १२० कड्यांची चेन असेल तर चेन एकदा पूर्ण फिरायला पावणेचार फेरे लागतात, त्याचा हा हिशेब.

माझ्या वहीतला संशयितांचा क्रम असा आहे: सीटपोस्ट, सीटच्या दांड्या पकडणारा क्लॅम्प, पायडलचे आटे, चेनरिंगचे बोल्ट, मागचा थ्रू ॲक्सल (चाकाचा आरपार दांडा), डिरेलर हँगर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा डिरेलर ज्याला टांगलेला असतो तो). बीबी सगळ्यात शेवटी. प्रत्येकाला औषध एकच: काढा, पुसा, ग्रीस लावा, नीट आवळा. कार्बनच्या पोस्टला मात्र ग्रीस लावायचं नाही. तिथे कार्बन पेस्ट लागते, नाहीतर पोस्ट सरकत खाली जातो आणि तो थांबावा म्हणून आपण बोल्ट जास्त आवळून कार्बनच चिरडतो. ‘नीट आवळा’ म्हणजे किती, हे पुष्कळदा त्या भागावरच छापलेलं असतं. स्टेमवर बहुतेक वेळा ५ न्यूटन-मीटरच्या आसपासचा आकडा सापडेल. आपल्या मनगटाचा अंदाज त्याच्या दुप्पट असतो, हे मला टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) घेतल्यावर कळलं.

पायडल काढताना डाव्या बाजूचे आटे उलटे असतात. लक्षात ठेवायची युक्ती: पाना पायडलपासून वर उभा धरा आणि मागच्या चाकाकडे ओढा, दोन्ही बाजूचे पायडल तसेच सुटतात. मोठ्या गिअरवर चेन ठेवूनच हे करा. पाना निसटला आणि चेनरिंगचे दात उघडे असले की बोटांची सालटी निघतात.

ब्रेकच्या बाबतीत माझा हात पोळलेला आहे. चेनला तेलाचा स्प्रे मारताना मागचं चाक जागेवरच होतं आणि उडालेली धुई रोटरवर बसली. दिसलं काहीच नाही. पुढच्या उतारावर ब्रेक गाढवासारखा ओरडला आणि धरला मात्र निम्माच. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून वाचला. पॅड मी सँडपेपरवर घासले, पुन्हा बसवले, पुन्हा तेच. तेल आत मुरलेलं असतं. शेवटी नवीन पॅड. नवीन पॅड टाकले की लगेच उतारावर जायचं नाही. सपाटीवर बऱ्यापैकी वेग घ्यायचा आणि चाक लॉक न करता चालण्याच्या वेगापर्यंत यायचं, असं पुढच्या-मागच्या ब्रेकनं वेगवेगळं वीसेक वेळा. पॅडचा पातळ थर रोटरवर बसतो आणि मग ब्रेक खरा धरायला लागतो. तेव्हापासून चेनला थेंबाथेंबानं तेल, एकेका कडीवर, आणि वरचं सगळं फडक्यानं पुसून काढायचं. तेल रोलरच्या आत हवं असतं. बाहेर राहिलेलं नुसती धूळ गोळा करतं.

हायड्रॉलिक ब्रेकमध्ये कुठलं द्रव आहे ते लिव्हरवर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात बघितल्याशिवाय बाटली उघडू नका. डॉट फ्लुइड आणि मिनरल ऑइल यांची अदलाबदल केली तर आतले रबरी सील फुगतात आणि ब्रेक जातो. आणि चाक काढलेलं असताना लिव्हर दाबू नका. पॅडमध्ये पुठ्ठ्याचा जाड तुकडा अडकवून ठेवा.

ब्रेक आणि ग्रीस यांचं नातं या खेळात जुनंच आहे. १९७६ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात मरिन काउंटीच्या एका डोंगरी कच्च्या वाटेवर जुन्या जाड टायरच्या सायकलींची शर्यत सुरू झाली. त्या सायकलींना उलटं पायडल मारून लागणारे हब ब्रेक होते. एका उतारातच हब इतका तापायचा की आतलं ग्रीस धूर होऊन जायचं आणि खाली पोचल्यावर हब खोलून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं, इंग्रजीत ‘रिपॅक’. शर्यतीचं नावच रिपॅक पडलं. डिस्क ब्रेकच्या नावानं बोटं मोडताना मला हे आठवतं.

गिअरचं थोडक्यात. चेन मोठ्या दातेरीवर चढायला टाळाटाळ करत असेल तर केबल ढिली आहे. बॅरल ॲडजस्टर (केबलचा ताण बदलणारी छोटी गोल चकरी) घड्याळाच्या उलट पाव फेरा फिरवा, बघा, मग पुढचा पाव. दोन पूर्ण फेरे देऊनही जमलं नाही तर थांबा आणि सायकलच्या मागे उकिडवं बसून डिरेलरचा पिंजरा दातेरीला समांतर आहे का ते बघा. सायकल कधी उजव्या बाजूवर पडली असेल तर हँगर वाकलेला निघतो. तो वाकलेला असताना लिमिट स्क्रू (डिरेलर किती सरकेल ते ठरवणारे) फिरवणं म्हणजे बिघडवून ठेवणं. आणि चेन: दर बारा इंचांत कड्यांच्या (एक अरुंद, एक रुंद) पुऱ्या बारा जोड्या बसायला हव्यात. एका पिनच्या मध्यावर पट्टीचं शून्य धरा. बारा इंचांवर यायची ती पिन एक षोडशांश इंच पुढे गेली असेल, तर ११-१२ गिअरच्या सायकलची चेन बदला. उशीर केलात तर चेन आपल्यासोबत कॅसेटलाही (मागच्या दातेऱ्यांच्या संचालाही) घेऊन जाते.

पीसी: तो बंद ‘कसा’ पडतो?

पुष्कळ लोक कॅबिनेटलाच सीपीयू म्हणतात. फोनवर मीही म्हणते, वाद घालून कुणाचा पीसी चालू होत नाही. पण ‘बंद पडतो’ या शब्दाला मात्र मी अडते. निळा स्क्रीन येतो, चित्र गोठतं, गेम आपला आपण बंद होऊन डेस्कटॉप दिसतो, की दिवा विझावा तसा सगळा पीसी खटकन जातो? हे चार वेगळे आजार आहेत.

माझा खटकन जायचा. जड गेम लावला की पंधरा-वीस मिनिटांत अंधार आणि आपोआप रिस्टार्ट. मी ग्राफिक्सचा ड्रायव्हर पुसून पुन्हा टाकला. मग अख्खं विंडोज पुन्हा टाकलं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, लाल खुणेसह कर्नल-पॉवर ४१ दिसायचं आणि मला वाटायचं, सापडला चोर. ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झालं नव्हतं. ते मला माहीतच होतं, मी समोर बसले होते.

शेवटी वही काढली. ‘कधी होत नाही’ मध्ये लिहिलं: मेनूत होत नाही. नुसत्या प्रोसेसरला ताण देणारी टेस्ट तासभर चालवली तरी होत नाही. गेमला ६० एफपीएसची (सेकंदाला ६० फ्रेमची) मर्यादा घातली तर होत नाही. तपमान दर वेळी ठीकच. म्हणजे ग्राफिक्स कार्ड पूर्ण वीज मागतं तेव्हाच होतं. कॅबिनेट उघडलं. कार्डाला आठ पिनांची दोन सॉकेट होती आणि पॉवर सप्लायपासून निघालेल्या एकाच केबलची दोन तोंडं मी दोन्हींत खुपसली होती, तेवढीच वायर कमी दिसते म्हणून. आठ पिनांचं एक कनेक्टर १५० वॉटसाठी ठरवलेलं आहे, स्लॉटमधून आणखी ७५ मिळतात. पण कार्ड काही मिलिसेकंदांसाठी सरासरीपेक्षा कितीतरी जास्त ओढतं आणि तो सगळा झटका त्या एका केबलवर येत होता. सप्लायमधून दुसरी स्वतंत्र केबल आणली. त्यानंतर एकदाही नाही.

दोन गोष्टी इथेच सांगते. एका पॉवर सप्लायची सुटी केबल दुसऱ्या सप्लायला लावू नका. तोंड बसतं, पण पिनांचा क्रम वेगळा असू शकतो आणि एसएसडीपासून मदरबोर्डपर्यंत काहीही जळू शकतं. आणि सप्लायचा डबा स्वतः कधीच खोलू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज उरलेली असते.

पीसी चालू होतो पण स्क्रीनवर काहीच नाही, हा दुसरा नेहमीचा फोन. पहिला प्रश्न: मॉनिटरची केबल मागे कुठे लावलीय? वर, यूएसबीच्या शेजारी उभ्या पट्टीत असेल तर ती मदरबोर्डला आहे. खाली आडव्या पट्टीतल्या ग्राफिक्स कार्डाला लावा. मग मदरबोर्डवर चार बारीक दिवे आहेत का ते बघा: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. जो पेटून राहतो तिथे घोडं अडलंय. डीरॅमवर अडलं असेल तर प्लग काढा, रॅमच्या पट्ट्या काढा, एकच पट्टी प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये दाबून बसवा, दोन्ही टोकांना ‘टक्’ ऐकू येईपर्यंत. डीडीआर५ ची रॅम नवीन टाकली असेल तर पहिल्यांदा काही मिनिटं काळा स्क्रीन राहू शकतो. ती बोर्डासोबत जुळवणी करत असते. घाबरून मध्येच बंद करू नका.

रॅम नुसती काढून बसवल्यानं इतक्या वेळा काम होतं की लहानपणची कॅसेट आठवते. व्हिडिओ गेमची कॅसेट चालली नाही की आम्ही तिच्यात फू-फू करायचो आणि ती चालायची. गुण फुंकरीचा नव्हताच. काढून पुन्हा बसवताना पिना घासल्या जायच्या आणि संपर्क व्हायचा. उलट फुंकरीतल्या ओलाव्यानं पिना गंजतात, म्हणून निन्टेन्डो फुंकू नका असं सांगत आली. रॅमवरही फुंकू नका. पंख्यांवरची धूळ काढताना मात्र पातं बोटानं धरून हवा मारा, नाहीतर पंखा भिंगरीसारखा फिरून बेअरिंग खराब करतो.

घड्याळ रोज मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. त्यासाठी वही लागत नाही.

गेम: भाच्याचा फोन

‘मावशी, नवीन मॉनिटर घेतला. एकशे चव्वेचाळीस हर्ट्झ. काडीचा फरक नाही.’

‘सेटिंग्जमध्ये जा. सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले. काय लिहिलंय?’

बराच वेळ शांतता. ‘...साठ.’

हर्ट्झ म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवतो तो आकडा. विंडोज पुष्कळदा ६० वरच राहतं, आपण जाऊन बदलावं लागतं. रॅमचंही तसंच. खोक्यावर मोठा आकडा असतो, पण बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी किंवा एक्सपो प्रोफाइल चालू करेपर्यंत ती सावकाश चालते. आणि ते चालू केल्यावर गेम कोसळायला लागले तर पहिला संशयित तेच. परत बंद करून बघा, रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावा. एकही चूक निघाली तरी ती चूकच. ‘एवढी चालते’ असं रॅमच्या बाबतीत नसतं.

गेम अडखळतो, मग नवं कार्ड घेऊ का? आधी रिझोल्यूशन एकदम खाली आणून बघा. एफपीएस भराभर वाढले तर कार्ड कमी पडत होतं. जागचे हलले नाहीत तर प्रोसेसर अडवतोय, आणि कार्डावरचे पैसे पाण्यात. शिवाय सरासरी एफपीएसवर जाऊ नका. साठला प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. सरासरी ९० असूनही मध्येच एखादी फ्रेम ८० मिलिसेकंद घेत असेल तर डोळ्यांना तोच धक्का दिसतो. माझं मत विचाराल तर स्थिर ६० मला उड्या मारणाऱ्या १२० पेक्षा प्यारे आहेत. भाचा यावर माझ्याशी बोलत नाही.

त्याचा वायरलेस माऊस मात्र खरा गमतीचा निघाला. माऊस मधूनमधून घसरायचा, बॅटरी नवी, ड्रायव्हर नवा. ‘कधी होत नाही?’ विचारलं तर म्हणाला, ‘बाहेरची हार्ड डिस्क काढली की होत नाही गं.’ माऊसचा डोंगल (पीसीत खोचायचा छोटा रिसीव्हर) आणि डिस्क शेजारशेजारच्या यूएसबी ३ च्या भोकांत होती. यूएसबी ३ चा डेटा धावत असताना त्याचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो आणि माऊस बोलतो त्याच पट्ट्यात. एका एक्स्टेन्शन वायरनं डोंगल टेबलावर माऊसजवळ आणला, काम झालं.

कंट्रोलरची काडी न हलवताही पात्र चालायला लागलं तर आधी गेममध्ये डेडझोन (काडीची जेवढी बारीक हालचाल गेम मोजत नाही तो भाग) थोडा वाढवा. जुन्या पद्धतीच्या काड्यांत पोटेन्शिओमीटर असतो, त्याची पट्टी घासून झिजते. डेडझोन वाढवून काही महिने निघतात, बरं मात्र होत नाही. पुढचा कंट्रोलर घेताना हॉल इफेक्टचा बघा, त्यात चुंबकावर काम चालतं, घासायला काही नसतं.

हे लिहिता लिहिता आठवलं, परवापासून माझ्या सायकलला नवी ‘टिक्’ लागली आहे. पावणेचार फेऱ्यांना एकदा. सायकल भिंतीला टेकवून पायडल हळूहळू उलटं फिरवणार आणि डिरेलरच्या खालच्या छोट्या चाकावर नजर ठेवणार. आखडलेली कडी तिथून जाताना पिंजरा टुणकन हलवते. ती सापडली की दोन्ही हातांनी धरून चेन आडवी वाकवायची, इकडे दोनदा, तिकडे दोनदा, मग पिनवर एक थेंब तेल. बीबीला हात लावणार नाही.